जी कळत नाही, ती नोटीस नव्हे!



आज आम्ही तुमच्यापुढे एकच शब्द ठेवतो. शब्द विलायती आहे. पण तो ज्याने ऐकला नाही असा माणूस जळगाव-धुळ्याकडे शोधून सापडायचा नाही. शेतात राबणाऱ्या बाईला तो ठाऊक आहे, धक्क्यावरच्या हमालाला ठाऊक आहे, शाळेची पायरी न चढलेल्या म्हातारीलाही ठाऊक आहे. तो शब्द म्हणजे नोटीस.

हा शब्द दारात आला की घरातलं बोलणं थांबतं. कागद हातात घेणारा कागदाकडे बघत नाही, देणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो आणि विचारतो, "भाऊ, यामा काय लिखेल शे?" आत काय लिहिलं आहे ते कळायच्या आधीच छातीत धस्स होतं. ज्या कागदाला लोक वाचण्याआधीच भितात, त्या कागदाची आज आपल्याला झडती घ्यायची आहे. आम्ही पंडित नाही. चौथीपर्यंत शाळा, पुढे गिरणी, हेच आमचं शिक्षण. पण ज्या शब्दाने आमची रोजी कापली, त्या शब्दाचा अर्थ विचारायला पदवी लागत नाही.

नोटीस लागते, जशी नजर लागते

आधी आपल्याच तोंडची भाषा बघा. गेटवर नोटीस लागते. टपालाने नोटीस येते. घर बंद असलं तर दारावर नोटीस चिकटवतात. कोर्टाचा बेलीफ नोटीस बजावतो. साहेब नोटीस काढतो. आम्ही मराठी माणसांनी हा शब्द कशाच्या पंगतीला बसवला ते ध्यानात घ्या. रोग लागतो, नजर लागते, आग लागते, तशी नोटीस लागते. वरून येते आणि आपल्याला लागते. यात आपण काही करत नाही, आपल्याला काहीतरी होतं.

ह्या सगळ्या क्रियापदांत एकच असं आहे जे कामगाराच्या हातात आहे: नोटीस देणे. युनियन मालकाला संपाची नोटीस देते. तेवढी एक नोटीस आपण देतो, बाकीच्या सगळ्या आपल्याला लागतात.

आता ज्यांच्या घरचा हा शब्द आहे, त्यांच्याकडे तो कसा वापरतात ते ऐका. इंग्रज माणूस नोटीस 'घेतो' म्हणजे एखाद्या गोष्टीकडे लक्ष देतो, तिची दखल घेतो. रस्त्याने जाताना एखादं झाड त्याच्या नजरेत भरलं तर तिथेही तो हाच शब्द वापरतो. नोकर मालकाला नोटीस देतो म्हणजे मी काम सोडतो असं आधी सांगतो. घाईने काही करावं लागलं तर त्याला नोटीस थोडी मिळाली असं म्हणतात, म्हणजे तयारीला वेळ कमी मिळाला. थोडक्यात, त्यांच्या भाषेत ह्या शब्दाच्या पोटात तीन गोष्टी आहेत: लक्ष देणे, आधी सांगणे आणि तयारीला वेळ देणे. तिन्ही गोष्टी माणुसकीच्या आहेत.

मग आमच्याकडे काय आलं? जहाजातून शब्द उतरला, पण लक्ष देण्याचा अर्थ विलायतेतच राहिला. वेळ देण्याचा अर्थ कचेरीत अडकला. आमच्या गेटवर पोचली ती नुसती धमकी! "साहेबाने आमची नोटीस घेतली" असं आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ कारकुनाने कागद घेऊन शिक्का मारला, एवढाच होतो. दखल घेतली असा होत नाही. दखल हा शब्द आपण वेगळा ठेवला आहे, कारण नोटिशीत ती सापडत नाही हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे.

शब्दाचं गोत्र

आम्हाला रात्री शिकवायला येणाऱ्या एका मास्तरांना आम्ही विचारलं, "ह्या शब्दाचं मूळ काय?" त्यांनी खडूने फळ्यावर मांडून दाखवलं. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता ओळख, माहिती, जाण. आणि त्या लॅटिन शब्दाचा जो धातू आहे, तो आणि संस्कृतातला 'ज्ञा' हे एकाच आजीचे नातू. त्या 'ज्ञा'पासून आपलं ज्ञान आलं, आपलं जाणणं आलं, जाणीव आली. जाणणे ह्या अर्थाचा इंग्रजांचा 'नो' हा शब्दही त्याच घराण्यातला. त्यात पहिलं अक्षर 'के' लिहितात, पण उच्चारत नाहीत. मास्तर हसून म्हणाले, "तुम्हा लोकांसारखं. हजेरीपटावर असतं, बोलायला परवानगी नसते."

आम्ही मात्र त्या रात्री झोपलो नाही. कारण गोष्ट सरळ झाली होती. नोटीस आणि जाणीव ही सख्खी भावंडं! ज्या कागदाने जाणीव होते तो कागद नोटीस. ज्याने होत नाही तो नुसता कागद, मग त्यावर कितीही शिक्के असोत. हे आम्ही पदरचं सांगत नाही. शब्दाचं गोत्रच असं सांगतं.

आणि आमच्या गावांना हे सांगायला लॅटिन कशाला हवं? दवंडी आठवा. गावात काही कळवायचं असलं की कोतवाल चौकाचौकात उभा राहून दवंडी पिटायचा. आधी वाजवायचा, मग ओरडून सांगायचा, आणि सांगायचा ते गावच्या बोलीत. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळायचं, ज्याला कमी दिसतं त्यालाही कळायचं. कोणाला नाही समजलं तर तो तिथेच विचारायचा, "काय म्हणालास रे?" आणि कोतवाल पुन्हा सांगायचा. दवंडीला उलट प्रश्न करता यायचा. गेटवरच्या काचेतल्या कागदाला करून बघा!

सव्वासहाची यष्टी

आता आमच्यावरच गुदरलेली गोष्ट सांगतो. गिरणीचं नाव घेत नाही, कारण ही गोष्ट एका गिरणीची नाही. ज्याने त्याने आपल्या गेटकडे बघावं.

आमच्या सूतगिरणीत एका शनिवारी फळ्यावर कागद लागला. इंग्रजीत टाईप केलेला, खाली सही, वर शिक्का. पाळी सुटली तेव्हा चार जण त्याच्यापुढे उभे राहिले. एकाने आकडे वाचले, कारण आकडे तेवढे ओळखू येत होते. कोणी म्हणालं सुट्ट्यांची यादी असेल. कोणी म्हणालं बोनसचं काही असेल, आणि त्या आशेवर दोघं खूशही झाली. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, "साहेबांचं काही असेल, तुमचं नाही." आम्ही घरी गेलो.

त्या कागदात लिहिलं होतं की पहिल्या पाळीची वेळ सातऐवजी सहाची होणार, आणि ज्याची हरकत असेल त्याने एकवीस दिवसांत लेखी कळवावं.

एकवीस दिवस गेले. हरकत एकही आली नाही. बाविसाव्या दिवशी पाळी सहाला सुरू झाली. आमच्या गिरणीत अर्धेअधिक लोक आसपासच्या खेड्यांतून येतात. त्यांची पहिली यष्टी गेटसमोर येते सव्वासहाला. त्या दिवशी यष्टीतून उतरलेले सगळेच्या सगळे उशिरा ठरले. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. महिनाअखेर पगार हातात आला तेव्हा प्रत्येकाच्या रोजीला कात्री लागलेली. वर ताकीद, की असाच उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई होईल.

आम्ही ऑफिसात गेलो. उत्तर तयार होतं: "नोटीस लावली होती. तुमच्यापैकी कोणी हरकत घेतली नाही. म्हणजे तुमची संमती होती."

बघा हा न्याय! आधी आम्हाला कळू नये अशा भाषेत सांगायचं, मग आम्ही गप्प राहिलो म्हणून आमची संमती धरायची. बहिऱ्यापुढे कुजबुजायचं आणि तो बोलला नाही म्हणून त्याचं घर लिहून घ्यायचं! रिंगखात्यातली एक बाई तिथे उभी होती. ती एवढंच म्हणाली, "माले कोनी इचारंच नही. यष्टी सव्वासहाले येस, हाई त्यासले कोन सांगी?"

ह्या एका वाक्यात सगळा खटला आहे. हरकत मोठी नव्हती. संप नको होता, मोर्चा नको होता. एक साधी माहिती होती, जी फक्त कामगाराजवळ होती आणि ऑफिसात कोणाजवळ नव्हती. नोटीस मराठीत असती तर ती माहिती पहिल्याच दिवशी साहेबाच्या टेबलावर गेली असती. नोटीस आम्हाला कळली नाही म्हणून आमची गोष्ट मालकाला कळली नाही. नुकसान दोघांचं झालं, पण भरपाई एकट्याच्या खिशातून गेली. तो खिसा कोणाचा, हे सांगायला नको.

पुढची गंमत ऐका. आम्ही युनियनतर्फे मराठीत अर्ज लिहिला. कारकुनाने तो परत केला. म्हणाला, "साहेबांना मराठी वाचता येत नाही. इंग्रजीत आणा." आमच्यातला एक जण शांतपणे म्हणाला, "रावसाहेब, आमचंही अगदी असंच झालं होतं. मग साहेबांची संमती धरायची का?" कारकून गप्प. अर्ज घेतला गेला. पुढे रेटा लावल्यावर पाळी साडेसहावर आली. कापलेले पैसे मात्र अजून परत आलेले नाहीत. ते आम्ही विसरलेलो नाही.

कायदा काय म्हणत होता

कोणी म्हणेल, हे कामगारांचं नेहमीचं रडगाणं. तर कायदा काढू या.

१९४६ सालचा औद्योगिक रोजगार स्थायी आदेश कायदा. त्यात लिहिलं होतं की स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, कामगार ज्या दाराने आत येतात त्या दाराजवळ लावले पाहिजेत. १९४८ सालचा कारखाने कायदा. त्याच्या १०८ व्या कलमात हेच: कारखान्यात लावायच्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, ठळक जागी, दाराजवळ. 'किंवा' नाही लिहिलेलं बंधूंनो, 'आणि' लिहिलेलं! त्या 'आणि'त आमचा अर्धा हक्क होता आणि तोच आमच्या गेटवर कोणी लावला नाही.

हे कायदे झाले तेव्हा मराठी राज्य नव्हतं. ते राज्य मिळवायला कामगार रस्त्यावर उतरला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईचा कामगार संप करून फ्लोरा फाउंटनला जमला आणि गोळीबारात पंधरा माणसं पडली. पुढे हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, तोही नेमका कामगारदिनी. १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. पण अभिजात झालेली आमची माय गिरणीच्या फळ्यावर अजून का दिसत नाही, ह्या प्रश्नाला पेढ्याने उत्तर मिळत नाही.

आणि तारखेचा योग बघा. ज्या २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनला रक्त सांडलं, त्याच तारखेला, बरोबर सत्तर वर्षांनी, २१ नोव्हेंबर २०२५ ला चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. जुने २९ कायदे त्यांत जिरवले गेले. १९४६चा तो स्थायी आदेश कायदा गेला, १९४८चा कारखाने कायदा गेला. नव्या संहितेत स्थायी आदेश कोणत्या भाषेत ठेवायचे ते नियमांवर सोपवलं आहे. शिवाय स्थायी आदेशांचं प्रकरण तीनशे किंवा जास्त कामगार असतील तिथेच लागू होतं. जुन्या केंद्रीय कायद्यात हा आकडा शंभर होता. म्हणजे दोनशे माणसांच्या सूतगिरणीत आता तो फळाच सक्तीचा नाही.

नव्या संहितेत सगळंच वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र दिलंच पाहिजे असं तिथे आहे. छान! वर्षानुवर्षं तोंडी कामावर ठेवलेल्या माणसाला कागद मिळणार. पण आम्ही विचारतो, कोणत्या भाषेत? ज्या पत्रावर आम्ही सही करणार, त्यात आम्ही कशाला हो म्हणतो आहोत ते आम्हाला वाचता येणार की नाही?

आता संपाची नोटीस. नव्या संहितेप्रमाणे संपाची नोटीस दिल्यावर चौदा दिवस थांबावंच लागतं. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही सक्ती लोकोपयोगी सेवांपुरती होती, आता ती सरसकट केली. निम्म्या किंवा जास्त लोकांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच. टाळेबंदीलाही चौदा दिवसांचीच नोटीस आहे, तेव्हा कागदावर तराजू सरळ दिसतो. पण आमची नोटीस वाचायला मालकाकडे वकील बसलेला असतो. मालकाची नोटीस वाचायला आम्ही शाळेतून घरी येणाऱ्या पोराची वाट बघतो. पल्ले सारखे, पण एक ताजवा इंग्रजीत टांगलेला!

जुन्या कामगारांना हे नवीन नाही. १९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचं बिल आणून संपाआधी नोटीस आणि तडजोडीच्या पायऱ्या घातल्या, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांनी एक दिवसाचा संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि लाल बावट्याचे पुढारी त्या दिवशी एकत्र उभे होते. त्यांना नोटीस ह्या शब्दाचा अर्थ बरोबर कळला होता: कामगाराला थांबवण्यासाठी जी सक्तीची असते, तीच कामगाराला सांगण्यासाठी मात्र ऐच्छिक होते.

पागोटं घातलेली इंग्रजी

इथे आम्ही आपल्याही घरच्यांना दोन शब्द सुनावणार आहोत. सरकारी मराठीत निघालेली नोटीस कधी वाचली आहे का? "उपरोक्त विषयास अनुसरून अधोहस्ताक्षरित यांजकडे विहित मुदतीत लेखी अभिवेदन सादर न केल्यास आपणांस काहीएक म्हणावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल." ही मराठी आहे म्हणे! आमच्या खात्यात दहा जणांना वाचून दाखवली. आठ जण म्हणाले, "इंग्रजी बरी होती, निदान कळत नाही हे तरी कळायचं."

ही मराठी नव्हे, ही पागोटं घातलेली इंग्रजी आहे. त्याच नोटिशीचं मराठी असं होतं: "तुमची हरकत असेल तर अमुक तारखेपर्यंत खाली सही करणाऱ्या साहेबांना लिहून कळवा. नाही कळवलं तर हरकत नाही असं धरू." सांगा, यात कायद्याचं काय बुडालं? १९६० साली राज्य झालं आणि त्याच वर्षी भाषा संचालनालयही निघालं. शब्द पुष्कळ घडवले, पण घडवलेला शब्द भट्टीवरच्या माणसाने एकदा उचलून बघावा, जड होतो का ते विचारावं, हे राहून गेलं.

बहिणाबाई चौधरी आमच्या जळगावच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी १९५२ साली, त्या गेल्यानंतर, पुस्तकात आली, आणि प्रस्तावना लिहिली आचार्य अत्र्यांनी, जे पुढे संयुक्त महाराष्ट्राची तोफ झाले. तेव्हा आम्हाला अडाणी म्हणताना जरा जपून! वाचता न येणारा मूर्ख नसतो. त्याला त्याच्या भाषेत सांगा, मग बघा त्याला किती कळतं.

"इंग्रजी शिका ना!"

असं सांगणारे शहाणे पुष्कळ भेटतात. आमची मुलं शिकतात इंग्रजी, आणि शिकावीच. पण नोटीस देणं हे देणाऱ्याचं कर्तव्य आहे. आम्हाला कळेल असं सांगण्याची जबाबदारी त्याची आहे, त्याची भाषा शिकण्याची सक्ती आमच्यावर नाही. डॉक्टर रोग्याला म्हणतो का, आधी वैद्यकी शिक, मग औषध कसं घ्यायचं ते सांगतो?

दुसरे म्हणतात, गिरणीत परप्रांतांतले लोकही आहेत, त्यांचं काय? त्यांचंही तेच! ओडिशाचा, बिहारचा भाऊ आमच्या शेजारच्या फ्रेमवर उभा आहे. त्याची रोजीही त्याच सव्वासहाच्या यष्टीने कापली. मराठी नोटिशीच्या खाली हिंदीतही लिहा, आमची ना नाही. सातपुड्यातून येणारा पावरा-भिल्ल गडी असेल तर त्याच्या बोलीत तोंडी सांगा. आमचा झगडा कुठल्याही भाषेशी नाही. माणसाला अंधारात ठेवण्याच्या धंद्याशी आहे.

आणि ज्यांना वाटतं की भाषेचा प्रश्न १९६० साली मिटला, त्यांनी बेळगावला जाऊन यावं. १९५६ पासून तिथला मराठी माणूस सरकारी कागद मराठीत द्या म्हणून झगडतो आहे. सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. आपल्या पश्चिम खानदेशातली दीडशेवर गावं १९६० साली गुजरातेत गेली, तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा, तलाठ्याचा कागद परक्या लिपीत आला की हातात काय राहतं. आम्ही तर राज्याच्या आत आहोत, आणि तरी आमच्या गेटवर बेळगाव आहे!

पुढील नोटीस मिळेपर्यंत

जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल. एकेकाळी ह्या शहरांना घड्याळं लागत नव्हती, भोंगे होते. ते भोंगे थांबले. खानदेश मिलच्या जागेवर आज बाजारसंकुल उभं आहे.

आमच्या बापांच्या पिढीने गिरण्या बंद होताना पाहिल्या. एका गेटवर कागद लागला होता, त्यातले तीन शब्द त्यांनी कोणाकडून तरी वाचून घेतले: "पुढील नोटीस मिळेपर्यंत." त्यांना वाटलं, म्हणजे पुढची नोटीस येणार. रोज सकाळी डबा घेऊन गेटपर्यंत जायचे आणि फळा बघून परत यायचे. आधी रोज, मग आठवड्याने, मग सणावाराला. त्यांतले किती तरी त्या नोटिशीची वाट बघत गेले. कोणी त्यांना समोर बसवून त्यांच्या भाषेत सांगितलं नाही की बाबांनो, हा इंग्रजीतला रिवाज आहे, याचा अर्थ आता दुसरं काम बघा.

म्हणून आम्ही म्हणतो, भाषेचा प्रश्न हा पोटाचा प्रश्न आहे. तो साहित्यसंमेलनाच्या मांडवापुरता नाही.

आमचं मागणं

एक: गिरणीतली प्रत्येक नोटीस, नेमणूकपत्र आणि पगाराची चिठ्ठी मराठीत असलीच पाहिजे, मग गिरणीत तीनशे कामगार असोत की तीस. राज्याच्या नियमांत हे स्पष्ट शब्दांत लिहा.

दोन: जी नोटीस कामगाराच्या भाषेत लागली नाही, ती लागलीच नाही असं धरा. तिची मुदत चालू होऊ नये आणि कामगाराचं गप्प राहणं संमती ठरू नये.

तीन: मराठी म्हणजे बोलती मराठी. नोटीस लावण्याआधी ती खात्यातल्या दोन कामगारांना वाचून दाखवा. त्यांना कळली तर लावा.

चार: नोटीस लागली त्या दिवशी प्रत्येक पाळीला ती गेटवर मोठ्याने वाचून दाखवा. दवंडी परत आणा!

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात काय आहे ते सांगतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि रविवारची सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार मागणाऱ्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या घेतल्या. ती कामगारांनी दिलेली नोटीस होती. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण रविवारी घरी बसतो ते त्या सह्यांच्या जिवावर.

आमच्या गिरणीत आम्ही एक पायंडा पाडला आहे. फळ्यावर कळत नाही असा कागद दिसला की पहिला बघणारा युनियनला कळवतो. आम्ही तो त्याच दिवशी शिकलेल्या माणसाकडून समजून घेतो आणि पाळी सुटताना गेटवर वाचून दाखवतो. प्रश्न विचारायला वेळ ठेवतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मराठीत अर्ज जातो: "आपला कागद आम्हाला कळला नाही, मराठीत द्यावा, तोवर मुदत धरू नये." अर्जाची पोच घेतल्याशिवाय आमचा माणूस हलत नाही. आणि सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं न्यायचं असेल तर मराठीतच न्या, बिनधास्त न्या. आपलं गाऱ्हाणं संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडायचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे. कोणी अर्ज परत केला तर हे कलम सांगा. हे तुमच्या गेटवरही करा. पैसा लागत नाही, एकी लागते.

बंधूंनो, आजवर नोटीस आपल्याला लागत आली. आता आपण द्यायची. ही आमची नोटीस समजा. साध्या मराठीत आहे, मालकाला कळली नाही तर त्याने आपल्या पोराकडून वाचून घ्यावी:

कळेल त्या भाषेत सांगा, नाहीतर सांगितलंच नाही असं समजा!

गिरणी कामगारांची एकजूट चिरायू होवो!
जय महाराष्ट्र!